मोहरा उधळून पैसे परत मागणारे: काय करायचं यांचं?

खडूफळा | सोमवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती नि ट्रेकच्या धाग्यांवर पडीक असतो, आज जरा पोटातलं बोलतो.

माझा एक छोटा गेम आहे, मराठी शब्दकोड्यांचा. दिवसा नोकरी आणि रात्री हा उद्योग. चित्रं बायको काढते, शब्द आईने वहीत जमवलेले आहेत. कोडं अडलं की एक अक्षर उघडून मिळतं, त्याला एक मोहोर लागते. शंभर मोहरांची पिशवी ८९ रुपयांना, सहाशेंचा हंडा ४४९ ला. गेम फक्त गूगल प्लेवर आहे. स्टोअरचा १५ टक्के वाटा जाऊन ८९ मधले साधारण ७५ माझ्या हाती लागतात, कर वेगळा.

दिवाळीत आठवड्याची स्पर्धा सुरू केली. पहिल्या दहांची नावं फळ्यावर. बक्षीस काही नाही, नुसतं नाव, पण लोकांनी उचलून धरली. विक्री वाढली म्हणून काल चहा घेत गूगलच्या डेव्हलपर-कन्सोलमध्ये ऑर्डरींचं पान उघडलं आणि चहा तसाच राहिला. तीस दिवसांत ४१ परतावे! म्हणजे मोहरा घ्यायच्या, उधळायच्या, फळ्यावर नाव चढवायचं आणि मग पैसे परत मागायचे. स्टोअर देऊन टाकतं, मला कोणी विचारत नाही, आणि मोहरा त्यांच्या फोनमध्ये तशाच राहतात.

पुढच्या अपडेटमध्ये असं करायचं म्हणतोय: ज्याने परतावा घेतला त्याचा गेम कायमचा बंद, आणि स्क्रीनभर एकच शब्द, 'चोर'. इथे ॲप करणारे बरेच जण आहेत. तुम्ही काय करता?

वेलांटी | सोमवार, रात्री ११:३१

माझ्या म्युच्युअल फंडाला तीन वर्षांत परतावा मिळाला नाही आणि तुमच्या शब्दकोड्यातून ४१ जणांना मिळाला. कुठे गुंतवणूक करायची ते कळलं. (हलकं घ्या.)

तांबडा_पांढरा | सोमवार, रात्री ११:५२

भावा, जरा दम धर. चाळीस माणसांना चोर म्हणायच्या आधी दोन गोष्टी सांग.

तुझ्या मोहरांचा हिशेब कुठं राहतोय, फोनात का सर्व्हरवर? आणि हे ४१ परतावे कशामुळं झाले ते बघितलंस का? नुसत्या आकड्यावर जाऊ नको. वॉइडेड परचेसेस नावाचा एपीआय (प्रोग्राममधनं माहिती मागायची सोय) आहे गूगलचा, त्याला विचारायचं. रद्द झालेल्या खरेदी एकेक करून मिळतात, पण मागच्या तीस दिवसांच्याच, म्हणून आजच काढून ठेव. प्रत्येक नोंदीत खरेदी कधी झाली, रद्द कधी झाली, रद्द कुणी केली (गिऱ्हाईक, तू स्वतः का गूगल) आणि का केली ते येतंय. कारणांना आकडे दिलेत. १ म्हणजे घेतलं नि मन बदललं, २ माल मिळाला नाही, ३ माल खराब, ४ चुकून घेतलं, ५ फसवणूक, ६ ओळखीतल्याच माणसानं केलेली फसवणूक, ७ बँकेकडून चार्जबॅक. ० म्हणजे इतर. ८ पण आहे, त्याचं नंतर बोलू. आधी आकडे आण.

चोर खरोखर असतात, न्हाई म्हणत नाही. आमचा पाच जणांचा स्टुडिओ, क्रिकेटचा गेम आहे, त्यात हिरे विकतो. एका चॅट ॲपवर 'अर्ध्या किमतीत हिरे' अशी दुकानं चालतात. पोरगं तिथं यूपीआयनं पैसे भरतंय नि आपला लॉगिन पण देतंय. दुकानदार त्या लॉगिनात शिरतो, स्वतःच्या गूगल खात्यावरनं पूर्ण किमतीत हिरे घेतो, पोराला दाखवतो 'बघ आले', आणि दुसऱ्या दिवशी चुकून घेतलं म्हणून पैसे परत मागतो. पोराचे पैसे त्याच्या खिशात, हिरे पोराकडं, बिल आमच्या नावावर. एका खात्याला परतावा मिळायचा बंद झाला की दुसरं खातं काढायचं.

पहिल्या वर्षी आम्ही तू म्हणतोस तेच केलं. खाती बंद. मग पोरांचे बाप मेल टाकायला लागले. पोरगं म्हणतंय, मी पैसे मोजलेत. त्याच्या बाजूनं ते खोटं न्हाई ना.

खडूफळा | मंगळवार, सकाळी ७:०५

हिशेब फोनमध्येच. सर्व्हर नाहीच. आमच्या भागात नेटवर्कचा भरवसा नाही म्हणून मुद्दाम ऑफलाइन चालेल असा केला. स्पर्धेचे गुण तेवढे नेट असलं की वर जातात.

एपीआयचं आज रात्री बघतो.

चक्रवाढ | मंगळवार, सकाळी ९:४०

बँकेत कार्डांच्या तक्रारी बघतो, म्हणून फक्त ७ नंबरच्या कारणाबद्दल. परतावा आणि चार्जबॅक यांची गल्लत करू नका. परताव्यात ग्राहक स्टोअरकडे जातो. चार्जबॅकमध्ये तो स्टोअरला वगळून आमच्याकडे येतो आणि म्हणतो की हा व्यवहार माझा नाही. व्हिसा, मास्टरकार्डच्या नियमांत बहुतेक प्रकारांना साधारण १२० दिवसांची मुदत असते. तेव्हा महिन्यापूर्वीची विक्री पक्की झाली असं समजू नका.

आपल्याकडे कार्डाला ओटीपी आणि यूपीआयला पिन लागत असल्याने 'माझा नाही' हे सहसा टिकत नाही. आमच्याकडे येणाऱ्या गेमच्या तक्रारींत खरा चोर क्वचित निघतो. ओटीपी आईच्या फोनवर येतो आणि गेमही आईच्याच फोनवर चालू असतो, एवढीच गोष्ट असते.

नर्मदातीर | मंगळवार, दुपारी १:१५

अहो चक्रवाढ, माझ्या घरात डोकावून लिहिलंत का?

माझा मुलगा आठ वर्षांचा. मी पोळ्या लाटत होते, फोन त्याच्या हातात. शेत नांगरायचा कुठलातरी गेम. संध्याकाळी बँकेचा मेसेज बघितला तर २,४०० रुपये गेलेले. विचारलं तर म्हणाला, 'सहा आकडे आले होते, मी वाचून लिहिले.' शाळेत आकडे वाचायला सांगितले की बसतो गप्प! परतावा मागितला, घरातल्या मुलाने न विचारता घेतलं असं खरं कारण लिहिलं, आणि दोन दिवसांत पैसे आले. त्याच्या ट्रॅक्टरचं पुढे काय झालं मला माहीत नाही. खरं सांगायचं तर त्या गेमच्या मागे खडूफळांसारखं कोणी रात्री जागत असेल हे तेव्हा मनातही आलं नाही.

पण तुमच्या गेममध्ये हे झालं असतं तर माझ्या फोनवर 'चोर' आलं असतं ना?

फ्रेमॉन्टचा_नाना | मंगळवार, रात्री ९:३०

ताई, तुमच्यासारख्या घरांचीच इकडे अमेरिकेत मोठी प्रकरणं झाली. २०१४ च्या जानेवारीत ॲपलने तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनशी (ग्राहकांचं हित बघणारं सरकारी खातं) तडजोड केली आणि मुलांनी आईबापांना न विचारता केलेल्या खरेदीपोटी किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत द्यायचं मान्य केलं. त्याच वर्षी सप्टेंबरात गूगलने किमान १ कोटी ९० लाखांचं. एकदा पासवर्ड टाकला की ॲपलकडे १५ मिनिटं आणि गूगलकडे ३० मिनिटं पुन्हा न विचारता खरेदी होत होती, हा तक्रारीतला मुख्य मुद्दा. ॲमेझॉनवरही तसाच खटला झाला. स्टोअरवाले परताव्याला आज सैल हाताने हो म्हणतात त्यामागे हा इतिहास आहे, असं माझं मत. शिवाय ८९ रुपयांसाठी माणूस बसवून चौकशी करणं कोणालाच परवडत नाही.

खडूफळा, तुमच्या 'चोर' पाटीसाठी याहून महत्त्वाचं प्रकरण २०२२ डिसेंबरचं. फोर्टनाइटवाल्या एपिक गेम्सला ग्राहकांना परत देण्यासाठी २४.५ कोटी डॉलर भरावे लागले. बाकी आरोप बरेच होते, पण त्यात एक असा होता की न केलेल्या खरेदीविरुद्ध ज्यांनी बँकेत तक्रार केली त्यांची खातीच कंपनीने बंद केली. आधी पैसे मोजून घेतलेला मालही त्यांच्यासोबत गेला. आता त्या कारणावरून खातं बंद करायला आदेशानेच मनाई आहे. कायदा तिकडचा आहे, तुम्हाला लागू नाही. पण मोहरा काढून घेणं वेगळं आणि माणसाला दाराबाहेर काढणं वेगळं.

आयफोनवर यायचं ठरवलंत तर: जून २०२० पर्यंत मोहरांसारख्या खरेदीचा परतावा झाला तर ॲपल कळवतही नव्हतं. आता कळवतं, आणि निर्णय घ्यायच्या आधी विचारतंसुद्धा. ग्राहकाने परतावा मागितला की तुमच्या सर्व्हरला निरोप येतो, बारा तासांत उत्तर द्यायचं. माल पोचला का, किती वापरून झाला, घेण्याआधी नमुना चाखायला दिला होता का, आणि तुमचं मत काय, द्यावा की देऊ नये. मात्र ही माहिती पाठवायला ग्राहकाची संमती आधी घेतलेली लागते. निकाल ॲपलच्या हातात, पण सहाशेतल्या पाचशे नव्वद उडवल्यात हे त्यांच्या कानावर तरी घालता येतं.

मोडीवाचक | मंगळवार, रात्री १०:४८

माझं दुखणं जरा वेगळं आहे. खडूफळांना एक मोहोर छापायला शून्य रुपये लागतात. माझ्या ॲपमध्ये जुन्या मोडी कागदाचा फोटो टाकला की देवनागरीत लिप्यंतर मिळतं, आणि दर पानामागे मला भाड्याच्या मशीनचं बिल येतं. पान वाळवी लागलेलं असो की सुवाच्य, बिल तेवढंच.

शंभर पानांचा गठ्ठा ९९९ रुपयांना ठेवला होता. गेल्या चैत्रात एकाने घेतला आणि रात्री साडेनऊपासून पहाटे तीनपर्यंत ९७ पानं वाचून घेतली. कागदांत काय होतं ते मी बघत नाही, माझ्या नोंदीत फक्त वेळ आणि पानांची संख्या असते, पण माझे बहुतेक ग्राहक जमिनीचे कागद घेऊन येतात. सकाळी पैसे परत मागितले. कारण: चुकून घेतलं. साडेपाच तास चुकत होता! आणि तीन पानं का शिल्लक ठेवली हे कोडं खडूफळांनी सोडवावं, मला सुटलेलं नाही.

मग मी शहाणपणा केला. गूगलकडे थेट परतावा मागायची मुदत ४८ तास असते, त्यानंतर ते ग्राहकाला आमच्याकडे पाठवतात. म्हणून नियम टाकला की गठ्ठा घेतला तरी पहिले दोन दिवस रोज पंधराच पानं. आठवड्यात एक तारा देणाऱ्यांची रांग लागली. एका आजोबांनी लिहिलं होतं, 'परवा कोर्टात तारीख आहे, पैसे पूर्ण घेतलेत, आणि तुम्ही म्हणता थांबा.' बरोबर होतं त्यांचं. एका लबाडासाठी मी शंभर जणांना ताटकळत ठेवलं होतं.

आता नव्या खात्याला वीस पानांचाच गठ्ठा दिसतो. तो वापरून दोन दिवस उलटले की मोठा गठ्ठा विकत घेता येतो, आणि घेतला की सगळी पानं लगेच. घाई असेल त्याने मला मेल टाकावा, मी हाताने उघडून देतो. बुडाले तर वीस पानांचे बुडतात.

गनिमी_कावा | मंगळवार, रात्री ११:१०

एक सुचवू का? सगळ्या मराठी डेव्हलपरांनी मिळून परतावेखोरांची सामायिक काळी यादी करा. एकीकडे नाव आलं की सगळीकडे बंद. एकीचं बळ!

तांबडा_पांढरा | मंगळवार, रात्री ११:२६

@गनिमी_कावा, कसली यादी करणार? गूगल आम्हाला टोकन (त्या खरेदीची खूण) नि ऑर्डर नंबर देतंय, नाव-गाव-फळ-फूल न्हाई. जी काही माहिती गेममध्ये गोळा होते ती गिऱ्हाइकानं आम्हाला दिलेली असते, कावा साहेबांना न्हाई. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा संमतीवर उभा आहे, त्यात अठराच्या आतलं पोरगं म्हणजे बालक. आमचे निम्मे खेळाडू त्यातले. मी त्या वाटेला जाणार न्हाई, तूपण जाऊ नको.

उद्योगी_पोरगा | बुधवार, रात्री १२:५५

हे लिहू की नको असा विचार करत होतो. मी असले परतावे घेतलेत. होस्टेलला पहिल्या वर्षी रूममेटने शिकवलं. कारणात 'चुकून' टाकायचं, पटकन मिळतात. तीन-चार वेळा केलं, एका शर्यतीच्या गेममध्ये. देवाशपथ, मला वाटायचं हे पैसे गूगलच्या खिशातून जातात. त्यांना काय फरक पडतो? आमच्यात कोणालाच माहीत नव्हतं की डेव्हलपरच्या हिशेबातून कापले जातात.

आता स्वतः ॲप बनवायला शिकतोय म्हणून हा धागा उघडला. शिव्या घाला, चालेल.

नर्मदातीर | बुधवार, सकाळी ८:२०

शिव्या कशाला घालतील? माझी वरची पोस्ट वाच, मलाही माहीत नव्हतं. तुझ्या रूममेटलाही हा धागा पाठव म्हणजे झालं.

खडूफळा | बुधवार, रात्री ११:५८

एपीआयची किल्ली मिळवण्यात दोन रात्री गेल्या, पण ४१ च्या ४१ नोंदी आल्या. तांबडा_पांढरा, तुमच्या आठ नंबरबद्दल आता बोलाच. २६ नोंदींत कारण ८ आहे आणि रद्द करणारं गूगल. ग्राहकाने मागितलेलेच नाहीत हे परतावे!

उरलेले पंधरा. दोन चार्जबॅक. नऊ जणांचा एकेकच परतावा, कारण १ किंवा ४, बहुतेक ८९ वाले. आणि चार परतावे एकाच माणसाचे असावेत. हंडा, हंडा, हंडा, हंडा. प्रत्येक वेळी शनिवारी खरेदी आणि सोमवारी परतावा. त्या चार आठवड्यांत रविवारी फळ्यावर पहिल्या क्रमांकावर कोण होतं ते मला आठवतंय.

तांबडा_पांढरा | गुरुवार, सकाळी ७:३०

२६ नोंदींत खरेदी नि रद्द यांच्या वेळांची वजाबाकी कर. बरोबर तीन दिवस येतंय का?

आणि एक आठव. कुणी तक्रार केली होती का, की दुसरी पिशवी घ्यायला गेलं तर 'ही वस्तू तुमच्याकडे आधीच आहे' असं येतंय?

खडूफळा | गुरुवार, सकाळी ७:४४

सगळ्या तीन दिवस आणि वर काही मिनिटं.

तक्रार तिघांनी केली होती. मी त्यांना फोन बंद करून चालू करायला सांगितलं.

तांबडा_पांढरा | गुरुवार, सकाळी ८:१०

😀 मग चोर सापडला. तूच आहेस.

२०१९ ला प्ले बिलिंगची (ॲपमधल्या खरेदीची गूगलची सोय) दुसरी आवृत्ती आली तेव्हापासनं नियम आहे. पैसे जमा झाल्यावर तीन दिवसांच्या आत तुझ्या ॲपनं 'माल पोचवला' अशी पावती गूगलला द्यायची. त्याला ॲकनॉलेज म्हणतात. मोहरांसारखा खर्चून परत घ्यायचा माल असेल तर कन्झ्यूम म्हणायचं, त्यात पावती पण आली. तीन दिवसांत पावती न्हाई आली तर गूगल समजतं गिऱ्हाइकाला काही मिळालं न्हाई, आणि आपणहून पैसे परत करतं. ८ म्हणजे तेच. आणि कन्झ्यूम होईपर्यंत ती पिशवी त्याच्याकडं 'आहे' अशीच नोंद राहते, म्हणून दुसरी घेता येत न्हाई.

तुझ्या प्रोग्रामच्या कोडात कन्झ्यूम कुठल्या ओळीनंतर होतंय ते बघून सांग.

खडूफळा | गुरुवार, सकाळी ८:२२

खरेदी झाली की आधी नाण्यांचा पाऊस पडतो. बायकोने काढलेलं ॲनिमेशन आहे, चार सेकंदांचं. तो संपला की कन्झ्यूम.

पाऊस पडत असताना कोणी ॲप बंद केलं किंवा रेंज गेली तर... अरे देवा.

वेलांटी | गुरुवार, सकाळी ८:२५

अवकाळी पाऊस. पंचनामा करा.

तांबडा_पांढरा | गुरुवार, सकाळी ८:५१

वाईट वाटून घेऊ नको, आम्ही पण पहिल्या आवृत्तीत हेच केलं होतं, आमच्यात फटाके उडायचे. आधी मोहरा हिशेबाच्या वहीत लिहायच्या, लगेच कन्झ्यूम, मग पाड काय पाडायचा तो पाऊस. आणि ॲप दर वेळी उघडलं की गूगलला विचारायचं, 'याची पावती द्यायची राहिलेली एखादी खरेदी आहे का?' असली तर तिथं पूर्ण करायची. हे एवढं केलंस की २६ संपले.

पेंडिंगचं पण तपास. काही पैसे लगेच जमा होत न्हाईत, खरेदी अडकून राहते. त्या अवस्थेत मोहरा द्यायच्या न्हाईत. तीन दिवसांचं घड्याळ पैसे जमा झाल्यावर सुरू होतंय.

आता शनिवारच्या हंडेवाल्याचं. त्याच्यासाठी छोटा का होईना सर्व्हर लागणार. खरेदीच्या वेळी खेळाडूचा तुझ्याकडचा नंबर गूगलला पाठवता येतो, पण ओळखता येणार न्हाई असा घोळवून, मेल आयडी सरळ टाकायचा न्हाई. मग रद्द खरेदीचं टोकन आलं की कुणाच्या वहीतनं मोहरा वजा करायच्या ते कळतंय. शिल्लक कमी असली तर उणे जाऊ दे. आम्ही खाती बंद करायची सोडली नि हे धरलं. उणे हिरे असलेला गडी मॅच खेळू शकतो, फक्त नवं काही घेता येत न्हाई. भरून काढले की मोकळा. बापांचे मेल पण कमी झाले. पोराला कळतंय की त्या दुकानदारानं हिरे आणले नि परत पण नेले, आणि राग बरोबर माणसावर जातोय.

खडूफळा | गुरुवार, रात्री १०:३०

पण माझा गेम ऑफलाइन आहे. जो कधी नेटवर येतच नाही त्याच्या मोहरा उणे कशा करणार?

मोडीवाचक | गुरुवार, रात्री १०:५२

करूच नका. घरात बसून कोडी सोडवणाऱ्याने फुकटच्या शंभर मोहरा खाल्ल्या तर तुमचे ७५ रुपये गेले, वाईट वाटतं, पण खेळ कोणाचा बिघडला? बिघडला तो फळ्यावर दुसऱ्या नंबरला राहिलेल्या माणसाचा. आणि ज्याला फळ्यावर नाव हवंय त्याला नेटवर यावंच लागतं. तिथेच दार लावा.

खडूफळा | गुरुवार, रात्री ११:१५

हे पटलं. म्हणजे गुण वर पाठवताना वही तपासायची, उणे असेल तर कोडी खेळा पण फळ्यावर नाव नाही. आणि निकाल रविवारी रात्री न लावता बुधवारी लावायचा. ४८ तास उलटलेले असतात, मधल्या वेळात ज्याने हंडा परत केला त्याचे त्या आठवड्याचे गुण बाद.

त्या नऊ जणांच्या मोहरा वजा होतील, पण त्यांना काही बोलणार नाही. असेल कोणाचं पोर. 'चोर' पाटी रद्द. त्याऐवजी खरेदीच्या पानावर एक ओळ टाकतोय: 'हा गेम चिपळूणच्या एका घरात बनतो. पैसे परत हवे असतील तर आधी आम्हाला कळवा, आम्हीच देऊ.' उद्योगी_पोरगा, ही ओळ तुझ्यामुळे.

वेलांटी | गुरुवार, रात्री ११:१९

'कळवा' मधला व ऱ्हस्वच राहू द्या, बाकी मजकूर ठीक. (व ला वेलांटी नाही, माझाच विनोद फसला. झोपतो.)

खडूफळा | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:१०

धागा वर काढतोय. पाऊस आता कन्झ्यूमनंतर पडतो. नवं अपडेट गेल्यापासून आठ नंबरचा एकही परतावा नाही. त्या तिघांना माफीचा मेल लिहिला, प्रत्येकी पन्नास मोहरा दिल्या. त्यातल्या एक बाई निवृत्त शिक्षिका निघाल्या, आईच्या वहीतल्या तीन शब्दांचे चुकीचे अर्थ त्यांनी कळवलेत. आई रुसली आहे.

परतावे चार झाले. त्यातल्या दोघांनी आधी मला मेल केला होता, मीच कन्सोलमधून दिले. सर्व्हरचा महिन्याचा खर्च साधारण चार पिशव्यांएवढा येतोय, म्हणजे निव्वळ हिशेबात अजून तोट्यातच आहे, पण फळा स्वच्छ आहे.

आता खरा प्रश्न. शनिवारच्या हंडेवाल्याचा आज मेल आलाय. जसाच्या तसा देतो: 'सर, अपडेटनंतर माझ्या मोहरा उणे २,३५० दिसत आहेत आणि नाव फळ्यावर येत नाही. काहीतरी बग आहे. लवकर दुरुस्त करा, नाहीतर एक स्टार देईन.'

काय उत्तर लिहू?

तांबडा_पांढरा | रविवार, रात्री ९:१८

लिही, 'बग होता, दुरुस्त केला आहे. म्हणूनच उणे दिसत आहेत.'

नर्मदातीर | रविवार, रात्री ९:४०

आणि खाली आपुलकीने विचारा, घरात कोणी आठ वर्षांचं आहे का म्हणून.